तुंबलेली मोरी कोणाच्या खात्यावर?

तळमजल्यावर दुकान, वर कुटुंब, मागे एखादा भाडेकरू आणि सर्वांचे सांडपाणी एकाच नळीत, ही रचना छावणीतील व्यापारी कुटुंबांना अपरिचित नाही. मोरी तुंबली की दुकानदार वरच्यांच्या तूप-तेलाला दोष देतो, वरचे घरमालकाच्या नळीला, आणि घरमालक छावणी परिषदेकडे बोट दाखवतो.

वाद घालण्यापूर्वी आवारातील शेवटच्या चेंबरचे झाकण काढून पाहावे. मात्र आत वाकून डोकावू नये. चेंबर रिकामे असेल तर अडथळा घराच्या नळीत आहे. काठोकाठ भरलेले असेल तर तो पुढे, रस्त्याच्या बाजूला. एकच मोरी तुंबली आणि बाकीच्या वाहत्या असतील तर दोष बहुधा तिच्या जाळीखालीच सापडतो. सार्वजनिक गटारे बांधणे व राखणे हे छावणी अधिनियम, २००६ नुसार परिषदेचे काम. छावणीबाहेर ते महानगरपालिकेचे. परंतु शेवटच्या चेंबरपासून त्या गटारापर्यंतची जोडनळी सामान्यतः घरमालकाची असते, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. भाड्याच्या जागेत दुरुस्तीचा भार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ ने मालकावर टाकला आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केले, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा; मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाची.

पैशांचा हिशेब येथे मिटतो. माणसाच्या जिवाचा हिशेब मात्र निराळा आहे, आणि व्यवहारात चोख असलेली घरेही तेथे गाफील राहतात. ‘ठेकेदाराला काम दिले, पुढचे तो पाहील’ ही समजूत कायद्याला मान्य नाही. २०१३ च्या अधिनियमाने सुरक्षासाधनांविना कोणाला गटारात वा शौचटाकीत उतरवण्यास मनाई केली आहे. ही मनाई संस्थांप्रमाणेच खासगी व्यक्तीलाही लागू आहे. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी गृहनिर्माण संस्थेत शौचटाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला दिला आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभाही ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाखांवर नेली.

गटारातील विषारी वायूचा दर्प काही क्षणांतच जाणवेनासा होतो, म्हणून ‘आता वास नाही, उतर’ हे सांगणेच घातक. यंत्राची गाडी मागवावी, बांबूच्या पट्ट्या वा सळई वरूनच चालवावी. आणि आदल्या रात्री मोरीत आम्ल ओतले असेल (जीवदया पाळणाऱ्या घरांत ते मुळात येऊच नये), तर सफाईस येणाऱ्याला झाकण उघडण्यापूर्वी तसे सांगावे.