मु. पो. मस्कत, एबर्डीन, ह्यूस्टन, पर्थ

बदली हा शब्द मराठी घराला नवा नाही. पोस्टात, रेल्वेत, बँकेत किंवा महसूल खात्यात नोकरी केलेल्यांच्या घरी तो पिढ्यानपिढ्या ऐकू येतो. वडिलांची बदली रत्नागिरीहून चंद्रपूरला झाली, की भांडी गोणपाटात बांधायची, पलंग सोडवून ट्रकमध्ये टाकायचा, तुळशीची कुंडी शेजारणीच्या हवाली करायची आणि मुलांचे शाळेचे दाखले काढायचे. चार दिवसांत नव्या गावी चूल पेटायची. बोलीचा हेल बदलायचा, आमटी जरा जास्त तिखट व्हायची, बाकी सगळं तेच.

हल्ली हीच बदली समुद्र ओलांडून होते. तेल आणि वायूच्या धंद्यातले इंजिनिअर, सॉफ्टवेअरवाले, बँकांचे अधिकारी, वकिलातींमधली मंडळी यांना दोन-तीन वर्षांनी देशच बदलावा लागतो. एकदा परदेशी जाऊन तिथेच स्थायिक होणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांचं रोप एकदाच उपटलं जातं आणि एकदाच लावलं जातं. या फिरत्या मंडळींचं रोप जरा मूळ धरू लागलं, की पुन्हा उपटायची वेळ येते. तेलवाल्यांच्या वाटेवरची चार गावं घेतली तरी पुरे : मस्कत, मग स्कॉटलंडमधलं एबर्डीन, मग अमेरिकेतलं ह्यूस्टन आणि शेवटी ऑस्ट्रेलियातलं पर्थ. दहा-बारा वर्षांत एकाच घराचा मुक्काम या चारही ठिकाणी पडला तर नवल नाही.

गंमत रस्त्यापासूनच सुरू होते. मस्कतला गाड्या उजव्या बाजूनं धावतात, एबर्डीनला डाव्या, ह्यूस्टनला पुन्हा उजव्या आणि पर्थला पुन्हा डाव्या. दर बदलीला मेंदूची डावी-उजवी बाजू उलटीपालटी! स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ रोजी सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा संसदेच्या निर्णयानंतर तयारीला चार वर्षं घेतली होती. आपल्या माणसाला तयारीसाठी मिळतो विमानतळापासून घरापर्यंतचा रस्ता. वळायचा दिवा लावायला जावं तर कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतो आणि मागच्या सीटवरची मुलं खिदळतात.

घरात शिरल्यावर विजेची पाळी. मस्कत आणि एबर्डीन यांचा प्लग एकच, तीन चौकोनी पायांचा. त्यामुळे पहिली बदली सोपी वाटते आणि गृहिणी गाफील राहते. ह्यूस्टनला वीज १२० व्होल्टची. पुण्याहून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे चटणी वाटायची सोडून नुसता कण्हतो. मग तिथला मिक्सर घ्यावा, तर तो पर्थला २३० व्होल्टवर लावताच धूर काढून मोकळा होतो. शिवाय पर्थच्या प्लगचे पाय तिरके. अशा घरांत एक खण फक्त अडॅप्टरांचा असतो आणि हवा तो अडॅप्टर त्यात कधीच सापडत नाही.

फोडणीचीही तऱ्हा तशीच. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले आगीचे भोंगे असावेत असा कायदा आहे. एक वाजला की घरातले सगळे वाजतात. बाहेर कडाक्याची थंडी, डिसेंबरात सात ताससुद्धा उजेड नाही, खिडक्या घट्ट बंद, अशा वेळी मिरचीच्या फोडणीचा धूर दिवाणखान्यात पोचला, की साऱ्या घरात एकच कल्लोळ उठतो. नवरा स्टुलावर चढून टॉवेल हलवतो आहे आणि बायको खिडकी उघडते आहे, हे चित्र तिथल्या बहुतेक भारतीय घरांना परिचित आहे.

आकड्यांचा घोळ आणखी वेगळा. भारतात हवेचं तापमान सेल्सियसमध्ये सांगतात आणि अंगातला ताप मात्र फॅरनहाइटमध्ये. ह्यूस्टनला दोन्ही फॅरनहाइटमध्ये, एबर्डीनला आणि पर्थला दोन्ही सेल्सियसमध्ये. पर्थच्या डॉक्टरला ‘मुलाला १०१ ताप आहे’ असं सांगितलं तर तो क्षणभर बघतच राहतो, कारण त्याच्या हिशेबानं पाणी उकळायला १०० पुरतात. तारखेचंही तेच. ४/७ म्हणजे जगात बहुतेक ठिकाणी चार जुलै, अमेरिकेत सात एप्रिल. लसीकरणाच्या कार्डावर ही एक तारीख उलटी वाचली गेली, तर मुलाला दिलेली लस दिलीच नव्हती असंही निघू शकतं.

सामानाचं म्हणाल तर ते बोटीनं येतं आणि बऱ्याचदा माणसांनंतर दोन-दोन महिन्यांनी येतं. तोवर चार ताटल्या, एक कुकर आणि जमिनीवरच्या गाद्या यांवर संसार चालतो. ऑस्ट्रेलियात त्यावर कडक तपासणी. शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून लाकूड, वेत, बिया, धान्य सगळं बारकाईनं पाहतात. पोळपाट-लाटणं, सूप, केरसुणी, पूजेची सुपारी यांची यादी करून ती आधी जाहीर करावी लागते. बुटांच्या तळव्यांना माती असेल तर तीही धुवून यायची. पर्थ ज्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात आहे, तिथे तर बाहेरचा मधसुद्धा चालत नाही. आखातात आणखी निराळं. दिवाळीच्या अनारशांसाठी आईनं प्रेमानं बांधून दिलेली खसखशीची पुडी संयुक्त अरब अमिरातीत नेता येत नाही. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून तिच्यावर तिथे बंदी आहे. दुबईमार्गे मस्कतला जाणाऱ्यानं हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

इथवर हसण्यावारी नेता येतं. कागदपत्रं निघाली, की हसू आवरतं घ्यावं लागतं. मराठी माणसाचं नाव तीन भागांचं : स्वतःचं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, शेवटी आडनाव. परदेशातल्या कचेरीत बायको, मुलगा आणि मुलगी या तिघांच्या मधल्या नावाच्या जागी एकाच पुरुषाचं नाव पाहून कारकून बुचकळ्यात पडतो. त्यात लग्नानंतर बाईचं नाव बदललेलं असेल तर विचारूच नका. पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर आणि दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला हाती लग्नाची पत्रिका! पत्रिका कुठल्याच देशात चालत नाही. विवाह नोंदणीचा दाखला लागतो आणि त्यावर सरकारी शिक्का लागतो. भारत २००५ साली अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, तेव्हापासून त्या करारातल्या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो. करारात नसलेल्या देशांसाठी मात्र वकिलातीची पायरी चढावीच लागते.

पैशाच्या बाबतीतही पाटी कोरी. पुण्यात दोन फ्लॅटचा मालक असलेला माणूस ह्यूस्टनला उतरतो तेव्हा बँकेच्या लेखी तो कोणीच नसतो. तिथे कर्ज कसं फेडलं याचा इतिहास बघतात आणि तो देशाबरोबर बदलत नाही. मस्कतला आणि एबर्डीनला वेळेवर भरलेली बिलं तिथे कोणी विचारात घेत नाही. चाळिशीतल्या माणसाला साध्या क्रेडिट कार्डासाठी अनामत ठेवावी लागते.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक. मस्कतच्या सीबीएसई शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, एबर्डीन आणि ह्यूस्टनमध्ये ऑगस्टमध्ये, तर पर्थला जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी. दर बदलीला मूल एक तर अर्धं वर्ष मागे जातं किंवा अर्धं वर्ष गाळून पुढे उडी मारतं. गणित कुठेही तेच, इतिहास मात्र दर वेळी नवा. एबर्डीनला रॉबर्ट ब्रूस, टेक्सासमध्ये १८३६ सालची अलामोची लढाई, पर्थला १७८८ साली आलेली इंग्रजांची पहिली जहाजं. महाराष्ट्रातल्या मुलांच्या पिढ्या चौथीत शिवचरित्र शिकून मोठ्या झाल्या. या मुलाला मात्र अफझलखानाचा वध आजोबांकडून फोनवर ऐकावा लागतो.

अशा मुलांना समाजशास्त्रात ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ म्हणतात. हे नाव दिलं रूथ हिल यूसीम या अमेरिकन विदुषींनी आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात भारतात झाली. १९५० च्या दशकात त्या इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. आईवडिलांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी आणि या दोहोंच्या मधे मुलांची स्वतःची तिसरी. ही मुलं चटकन मैत्री करतात, चार प्रकारचं इंग्रजी बोलतात, नकाशा न बघता विमानतळावर वाट काढतात. पण ‘तू कुठला?’ या साध्या प्रश्नाला त्यांच्यापाशी सरळ उत्तर नसतं. आणि जिवाभावाचा मित्र सोडून जायची वेळ दोन-तीनदा आली, की काही मुलं पुढच्या गावी जिवाभावाची मैत्री करायचंच टाळतात. आई म्हणते, ‘किती समजूतदार झालाय!’ तो समजूतदारपणा नसतो, ती सावधगिरी असते.

सर्वांत मोठी किंमत मात्र ज्या खात्यातून जाते, ते खातं कोणी मांडतच नाही. बदलीचा हुकूम बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर येतो. त्याला नव्या गावी टेबल, खुर्ची, ओळखपत्र आणि ‘या, बसा’ म्हणणारे सहकारी तयार असतात. बायकोला मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते. ती डॉक्टर असेल तर ब्रिटनमध्ये प्लॅब परीक्षा, अमेरिकेत यूएसएमएलई, ऑस्ट्रेलियात एएमसी. शिक्षिका असेल तर स्कॉटलंडची नोंदणी वेगळी, टेक्सासचा दाखला वेगळा, पश्चिम ऑस्ट्रेलियाची नोंदणी आणखी वेगळी. एक परीक्षा पास होईपर्यंत पुढच्या बदलीचं पत्र येतं. कधी व्हिसाच आडवा येतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारांना २०१५ सालापर्यंत नोकरीची मुभाच नव्हती आणि त्या वर्षी जी मिळाली, ती ज्यांच्या ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्याला पोचलं होतं त्यांच्यापुरतीच.

मग ती काय करते? महाराष्ट्र मंडळ शोधते. लंडनचं मंडळ १९३२ सालचं, मस्कत आणि ह्यूस्टनलाही मंडळं आहेत. पहिल्या गणपतीला ती कोपऱ्यात उभी असते, दुसऱ्या वर्षी आरतीची पुस्तकं वाटते, तिसऱ्या वर्षी दोनशे माणसांच्या मोदकांचा हिशेब तिच्याकडे असतो. चौथ्या गणपतीला ती दुसऱ्या देशात पुन्हा कोपऱ्यात उभी असते. नातेवाईक कौतुकानं म्हणतात, ‘नशीबवान आहे, जग बघते.’ जग ती बघतेच. पण पंधरा वर्षांनी तिच्या अर्जात पदवीनंतरची जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागेत चार गावं उभी करण्याची मेहनत होती, हे कुठल्याच मुलाखतीत मोजलं जात नाही.

इकडे आजी-आजोबा वेळेचा हिशेब करत बसतात. मस्कत दीड तास मागे, पर्थ अडीच तास पुढे, ह्यूस्टन उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे. नातवाच्या वाढदिवसाचा फोन एक तर पहाटे येतो किंवा झोपेच्या वेळी. मस्कतला सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणजे पुण्याच्या निवांत रविवारी मुलगा ऑफिसात. आणि रात्री अडीचला फोन वाजला, तर दोन्हीकडच्या छातीत एकदम धस्स होतं.

अनुभवानं शहाणी झालेली कुटुंबं काही गोष्टी कटाक्षानं पाळतात. जन्म, विवाह, पदव्या, लसी आणि शाळेचे दाखले यांची फाईल हातातल्या बॅगेत, बोटीच्या सामानात कधीही नाही. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, मोदकपात्र आणि मुलांच्या हातचं काहीतरी एका पेटीत, आणि नव्या घरात ती पेटी सर्वांत आधी उघडायची. मूल नववीत गेलं की बारावी होईपर्यंत बदली नाही, मग बढती हुकली तरी चालेल. निरोपाला पळवाट नाही. मुलाला मित्राच्या घरी जाऊन नीट निरोप घ्यायला लावायचं.

आणि एक गोष्ट अजून फार थोडी घरं करतात. कंपनीचं पत्र आलं, की त्यात घरभाडं, शाळेची फी, वर्षाची विमानाची तिकिटं, सामानाचा खर्च या सगळ्यांसाठी रकाने असतात. बायकोच्या कामासाठी रकाना नसतो. तो घरच्यांनी स्वतः आखायला हवा : तिथे तिला काम करता येईल का, त्याला कुठली परीक्षा लागेल, तिचा खर्च आणि वेळ किती, आणि यंदा नाही तर कुठल्या बदलीला तिच्या सोयीचं गाव निवडायचं. होकाराची सही एकाची असली, तरी उत्तर कळवण्याआधी हा रकाना भरला जावा. सामान बांधायला लोक पैसे देऊन मिळतात. गेलेली वर्षं बांधून देणारा कोणी मिळत नाही.