एक शहर कमी करा

मुलांची शिक्षणं उरकली, घराचे हप्ते फिटले, निवृत्तीची रक्कम बँकेत आली की आपल्याकडच्या पुष्कळ जोडप्यांना युरोप खुणावू लागतो. रविवारच्या पेपरातल्या सहलींच्या जाहिराती कापून फ्रिजला लावल्या जातात आणि रात्रीच्या जेवणानंतर हिशेब सुरू होतो. ‘हे बघ, हे दहा दिवसांत सात देश दाखवतायत. आणि यांचे बारा दिवस, पण देश तीनच. वर पैसे जास्त!’ निकाल सात देशांच्या बाजूनं लागतो.

हिशेब करत बसलेल्या दोघांना माझी विनंती आहे. पैसे भरण्याआधी त्या यादीतलं एक शहर कमी करा. जमलं तर दोन करा. प्रवासात उशीर होतोच, आणि त्या उशिराला कार्यक्रमात जागा लागते. ती तुम्ही आधी ठेवली नाहीत तर तो तुमच्या बघण्यातून, जेवणातून आणि झोपेतून वसूल होतो.

उशीर कुठून कुठून येतो ते पाहा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारताच्या विमानांना आकाश बंद केलं, आणि भारतीय कंपन्यांची युरोपकडे जाणारी विमानं वळसा घालून उडू लागली. त्याच वर्षी २३ जूनला कतारनं काही तासांसाठी हवाई हद्द बंद केली, तर दोह्याहून पुढे जाणारी माणसं भलत्याच विमानतळांवर अडकली. फ्रान्समध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांचे संप अधूनमधून होतच असतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन देशांच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकीय नोंद करायला सुरुवात झाली, आणि पहिल्या नोंदीला वेळ लागतो. यातलं काहीच तुमच्या हातात नाही. टूर कंपनीच्याही नाही.

विमान बदलणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. फ्रँकफर्टला उतरून पुढे रोमला जायचं असेल, तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, कारण शेंगेन भागात तुम्ही पहिल्यांदा तिथे पाय ठेवता. म्हणून मध्ये सव्वा-दीड तासच असलेलं तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. तीन तास ठेवा, तिथे कॉफी प्या. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी काढलेली तिकिटं असली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. नवं तिकीट तुमच्या खिशातून.

विमानातून उतरलं की उशिराची पीडा संपली असं वाटतं. ग्रुप टूरमध्ये ती आपल्याबरोबर बसमध्ये चढते. युरोपीय संघाच्या कायद्यानं बसचालकाला दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तासांच्या चालवण्यामागे एकूण ४५ मिनिटं थांबावंच लागतं. दिवस संपल्यावर ११ तासांची सलग विश्रांती घ्यावी लागते. ठरावीक वेळा ती ९ तासांवर आणता येते, त्याखाली नाही. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रावर नोंदलं जातं आणि तपासणीत सापडलं तर दंड होतो. त्यामुळे ‘दादा, जरा दामटा की’ तिथे चालत नाही. आपल्याकडच्या घाटात रात्रभर डोळे चोळत गाडी हाकणारे चालक पाहिलेल्या मला तरी हा कायदा फार आवडतो.

पण त्याचा परिणाम समजून घ्या. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे बसमध्ये जवळजवळ अख्खा दिवस. सकाळी कुणाचा तरी पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत राहिला, पॅरिसबाहेर पडताना कोंडी लागली, की मुक्कामी पोचायला रात्रीचे साडेदहा-अकरा. आता चालकाच्या विश्रांतीचे ११ तास मोजा. ९ तासांची सवलत आधीच वापरून झाली असेल तर दुसऱ्या दिवशी साडेनऊ-दहाच्या आत बस जागची हलत नाही. कल्याणला एक लोकल अडकली की मागच्या गाड्यांची बदलापूरपर्यंत रांग लागते, तसंच हे. केबल कारची आरक्षित वेळ हुकते, दुपारचं जेवण तीनवर जातं, आणि टूर मॅनेजर माइकवर गोड आवाजात सांगतो, ‘काका-काकू, ऱ्हाइनचा धबधबा आज आपण फोटोपुरताच बघू हं. पंचवीस मिनिटं!’

पंचवीस मिनिटांत काय होतं? पार्किंगपासून उतरायला आठ-दहा मिनिटं. काकू स्वच्छतागृहाच्या रांगेत. तिथे सुटं नाणं लागतं, ते काकांच्या पाकिटात, आणि काका मोबाइल उंच धरून धबधब्याकडे निघून गेलेले. नाणं कुणीतरी उसनं देतं. काकू बाहेर येतात तेव्हा लोक परत चढण चढू लागलेले असतात. रात्री घरच्या ग्रुपवर काकांचे तुषारांनी ओले झालेले सेल्फी जातात.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातही हेच चालतं, फक्त माणसं जास्त. मोनालिसाचं चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, काचेआड. दालनात शिरलेली गर्दी फोन वर करून त्याच्याकडे तोंड करते. त्याच दालनात अगदी समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेनं रंगवलेलं काना गावातल्या लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे, सुमारे सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. वाढपी आहेत, वादक आहेत, कुत्री आहेत, पाण्याची दारू झाल्याचा चमत्कार आहे. लग्नाच्या पंगतीत आयुष्य गेलेल्या आपल्या माणसांनी तासभर बघत बसावं असं चित्र. पण दीड तासात लूव्र ‘करायचं’ असतं, मागे वळून पाहायला फुरसत नसते. अर्धा दिवस हाताशी असेल तर वळता येतं. खाली बाकावर बसताही येतं.

एक दिवस घसरला की आणखी एक भानगड होते. लूव्र मंगळवारी बंद असतं, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. हॉलंडमधली केऊकेनहॉफची ट्यूलिपची बाग तर वर्षातून मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, एवढीच उघडी. म्हणून बुकिंग करताना टूर कंपनीला स्पष्ट विचारा: कार्यक्रम एक दिवस पुढे गेला तर यातलं काय बंद असेल, आणि त्याबदल्यात तुम्ही काय देणार? कुठल्या ठिकाणी आत जाण्याचं तिकीट धरलेलं आहे आणि कुठे नुसतं बसमधून बोट दाखवणार, हेही लेखी घ्या. विचारायला लाजू नका. लाखांनी पैसे मोजताय.

पोचल्याचा पहिला दिवस तर मोकळाच ठेवा. उन्हाळ्यात पॅरिस आपल्यामागे साडेतीन तास असतं. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतर आयफेल टॉवरचे दिवे लुकलुकतात, तेव्हा तुमच्या शरीराला मध्यरात्र उलटून दीड वाजून गेलेला असतो. विमानातली बसून काढलेली रात्र, सुजलेले पाय, आणि त्याच संध्याकाळी ‘पॅरिस बाय नाइट’. बसच्या खिडकीला डोकं टेकून घोरणारी जोडपी मी पाहिली आहेत. टॉवर बाहेर चमकत होता.

ग्रुप टूर करूच नका, असं माझं म्हणणं नाही. भाषेची धास्ती असेल, शाकाहाराची काळजी असेल, पहिलीच खेप असेल, तर बरोबर माणसं असलेली बरी. फक्त अशी टूर निवडा जिच्यात एका हॉटेलात सलग तीन-चार मुक्काम आहेत. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखचंच बघा. ३,४५४ मीटर उंचीवर, १९१२ पासून रेल्वेनं जाता येणारं हे ठिकाण ढगात असलं की खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा दिसतो. एकच दिवस ठरलेला असला की ढग असोत वा नसोत, जावंच लागतं. इंटरलाकेनला चार रात्री असतील तर सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र फोनवर बघता येतं आणि आभाळ उघडलेलं असेल त्या दिवशी निघता येतं. वर हवा विरळ असते. धावपळ करून पोचलेल्या साठीच्या माणसाला धाप लागते, सावकाश गेलेल्याला कमी. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी घरूनच डॉक्टरांना विचारून निघावं.

आता दोघांविषयी. सहलीत जोडप्यांची भांडणं होतात ती बहुधा दमलेल्या पायांची आणि रिकाम्या पोटाची असतात, पण त्यांचं मूळ घरीच असतं. काय बघायचं हे एकानं ठरवलेलं असतं आणि दुसऱ्यानं ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हटलेलं असतं. बुकिंगआधी दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांचं न बघता, आपल्याला खरंच हवी असलेली दोन-दोन ठिकाणं लिहा. ती चार पक्की. उशीर झाला तर बाकीची सोडायची, ही चार नाहीत. ‘काहीही चालेल’ असं लिहिलेला कागद स्वीकारू नका, पुन्हा लिहायला लावा. आणि एखाद्या सकाळी एकाचे गुडघे बोलत असतील तर एकानं गावात तळ्याकाठी बसावं, दुसऱ्यानं डोंगरावर जाऊन यावं. संध्याकाळी कुठे भेटायचं तेवढं टूर मॅनेजरसमोर ठरवा. चाळीस वर्षांचा संसार सहा तासांच्या ताटातुटीनं मोडत नाही.

बॅगांचं थोडक्यात. रोजच्या गोळ्या, त्यांची चिठ्ठी आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. उरलेले कपडे दोन्ही मोठ्या बॅगांत मिसळून भरा, म्हणजे एक बॅग मागे राहिली तरी दोघांचीही अडचण होत नाही. बॅग आलीच नाही तर विमानतळावरून बाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. बॅग मोडून आली तर ७ दिवसांत आणि उशिरा आली तर हाती पडल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. ही मुदत आंतरराष्ट्रीय करारातली आहे, भारतही त्या करारात आहे.

विमा घेताना आणखी एक बघा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, म्हणून सगळे घेतात. पण विमान रखडल्याचे, हुकल्याचे पैसे त्यात असतीलच असं नाही. ते कलम वेगळं असतं आणि किती तासांनंतर लागू होतं तेही तिथेच लिहिलेलं असतं. एजंटला ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

विमानच रखडलं तर मुकाट बसू नका. मुंबईहून युरोपची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल तर कंपनीनं हॉटेल द्यावं, असा आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. बाकड्यावर पाय पसरून झोपण्याआधी काउंटरवर जाऊन हे विचारा, आणि दोघांपैकी जो कमी चिडतो त्यानं जा.

युरोपातून परतताना तुमचा हक्क जास्त भक्कम आहे. युरोपीय संघाच्या देशातून सुटणारं विमान कुठल्याही देशाच्या कंपनीचं असो, त्याला संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. मुंबईहून जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच. मुक्कामी पोचायला तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असली, तर मुंबईएवढ्या लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. वादळ, नियंत्रकांचा संप, बंद झालेली हवाई हद्द अशा कारणांना पैसे मिळत नाहीत, पण थांबवून ठेवलं तेवढ्या वेळचं जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल तेव्हाही द्यावं लागतं. उशिराचं कारण लेखी मागा, फलकाचा फोटो काढा, बोर्डिंग पास घरी येईपर्यंत फेकू नका. तिकीट टूर कंपनीनं काढलेलं असलं तरी हक्क प्रवाशाचा असतो. अर्ज विमान कंपनीच्या संकेतस्थळावर घरी आल्यावरही करता येतो, आणि तो दोघांचा मिळून करताना दोन्ही नावं घाला, कारण भरपाई जोडप्यामागे नसून माणसामागे आहे.