आधी नकाशा, मग लेझर

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे कामगार पाळीभर उभे असतात. सुटी झाली की लोकलमध्येही उभंच राहायचं. वर्षानुवर्षं असं चाललं की काहींच्या पोटऱ्या जड पडतात, घोटे सुजतात, गुडघ्याखाली निळ्या शिरांच्या गाठी टरारून वर येतात. मग कुणीतरी लेझर सुचवतं. मात्र त्याआधी त्या पायातल्या शिरा नेमक्या कुठून कुठे जातात, हे पाहायलाच हवं.

पुस्तकातल्या आकृतीत त्वचेखालच्या मुख्य शिरा दोन. मोठी सॅफेनस आतल्या घोट्याच्या पुढून निघते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. छोटी सॅफेनस बाहेरच्या घोट्यामागून पोटरीच्या मधोमध चढते आणि गुडघ्यामागे आत शिरते. प्रत्यक्षात छोटी शीर कुणात गुडघ्याच्या वळीजवळ आत जाते, कुणात बरीच वर, तर कुणात मांडीच्या मागून चढत थेट मोठीला जाऊन मिळते. ही मांडीमागची वाट इटलीतल्या तुरिनच्या कार्लो जाकोमिनी यांनी १८७३ मध्येच नोंदवली होती. एकाच माणसाचे दोन पायही सारखे असतील याची खात्री नाही.

मोठी शीर स्नायूंवरच्या दोन पातळ पडद्यांच्या मधून जाते. सोनोग्राफीत तिचा आडवा छेद हुबेहूब डोळ्यासारखा दिसतो, मध्ये बुबुळ म्हणजे शीर. काही पायांत तिची फांदी या पडद्यांबाहेर येऊन त्वचेलगत धावते आणि वरवर पाहणाऱ्याला दुसरी मोठी शीरच वाटते. मांडीच्या पुढच्या बाजूची जोडशीर नादुरुस्त असूनही नजरेतून सुटली, तर उपचारानंतर गाठी पुन्हा उमटू शकतात. छोट्या शिरेला तर पोटरीत संवेदनेची नस खेटून असते. तिला इजा झाली की पावलाची बाहेरची कड बधिर होते.

म्हणूनच डॉपलर तपासणी रुग्णाला उभं करून व्हायला हवी. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं, तर शिरेतली झडप नादुरुस्त समजतात. अहवालात नुसतं ‘व्हेरिकोज व्हेन्स’ लिहून भागत नाही. छोटी शीर कुठे आत जाते, जोडशीर आहे का, रक्त कुठून उलटं येतं, हे पायाच्या आकृतीवर काढून द्यावं आणि प्रत रुग्णाच्या हाती ठेवावी. लेझरने निरोगी शीर उगाच जाळणं तर अक्षम्य आहे. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलंडमध्ये हृदयाच्या बायपाससाठी वापरली ती हीच मोठी सॅफेनस, आणि आजही ती त्या कामी येते.

भाईंदर पश्चिमेच्या टेंभा इथे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. तिथे उभ्याने काम करणाऱ्यांच्या डॉपलरसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा, आणि तोही संध्याकाळी, म्हणजे कुणाचा खाडा पडणार नाही.