पाहुण्यांची जागा कोणी गिळली?

शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या फाटकांवर एक फलक आता सर्रास आढळतो : ‘पाहुण्यांनी आपली वाहने बाहेर उभी करावीत.’ पुण्या-ठाण्यात तो मराठीत असतो, इंदूर-दिल्लीत हिंदीत, बंगलोरात इंग्रजीत. आशय मात्र एकच. आणि त्या फलकाखाली रोज घडणारा प्रसंगही एकच. गणपतीच्या दिवसांत लांबून आलेले कुटुंब, आजारी वडिलांना पाहण्यासाठी धावत आलेली मुलगी, अपरात्री मयताची वार्ता ऐकून निघालेले आप्त – सर्वांना वॉचमन फाटकाशीच अडवतो. गाडी रस्त्यावर लावावी तर ती पोलिसांच्या टोइंगच्या गाडीवर चढते. आत घ्यावी तर कुणाच्या तरी ‘विकत घेतलेल्या’ जागेवर उभी राहते आणि भांडण जुंपते. दुसऱ्या दिवशी सभासद कार्यकारिणीवर तुटून पडतो, कार्यकारिणी वॉचमनवर, आणि ज्याने हा सारा पेच निर्माण केला तो बिल्डर दुसऱ्या भूखंडावर नव्या इमारतीची जाहिरात करण्यात मग्न असतो.

भांडवलदारी वृत्तपत्रांचे या प्रश्नावरील निदान ठरलेले असते : गाड्या फार झाल्या, जागा थोडी आहे, तेव्हा येणाऱ्यांवर निर्बंध घाला किंवा जागेला भाव लावा. वरवर पाहता हे अगदी व्यवहारी वाटते. वस्तुतः ते खोटे आहे. कारण जागा किती होती आणि ती कोठे गेली हा पहिलाच प्रश्न त्यात विचारलेला नाही.

हा प्रश्न आपला आहे काय?

येथे कोणी कॉम्रेड विचारील की, मोटारवाल्यांच्या या रडगाण्याशी कामगारवर्गाच्या पक्षाचा संबंध काय? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील १०० कुटुंबांपैकी केवळ ४.७ कुटुंबांकडे मोटार होती; स्कूटर-मोटारसायकल २१ कुटुंबांकडे, तर सायकल जवळपास ४५ कुटुंबांकडे. त्यानंतर मोटारी वाढल्या असल्या तरी बहुसंख्य कष्टकरी जनता आजही मोटारीच्या आत नव्हे, बाहेरच आहे.

शिवाय जागेचा हिशोब पाहावा. मुंबईच्या बांधकाम नियमांत एका मोठ्या मोटारीसाठी २.५ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब, म्हणजे १३.७५ चौरस मीटर जागा धरलेली आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत १९२० च्या दशकापासून गिरणी कामगारांची कुटुंबे ज्या खोलीत राहिली, ती खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे जेमतेम १५ चौरस मीटर. तीन पिढ्यांचा संसार जेवढ्या जागेत झाला, तेवढी जागा आज एका यंत्राला विश्रांतीसाठी लागते. ही तुलना ज्याला अस्वस्थ करीत नाही, त्याने या प्रश्नावर बोलूच नये.

परंतु याच तुलनेतून प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. येथे वाद मोटारीचा नाही, जमिनीचा आहे. इमारतीभोवतीची आणि इमारतीखालची जमीन सर्वांची सामाईक की पैसेवाल्याची खाजगी, हा तो वाद आहे. गावात गायरान जसे सर्वांचे असते आणि बड्या धेंडांनी कुंपण घातले की गरिबाची शेळी चरायला जागा उरत नाही, तसेच शहरातील या गायरानाचे झाले आहे. ज्याची शेळी अडवली त्याने शेजाऱ्याच्या शेळीला दगड मारावेत, की कुंपण उपटावे?

टंचाई नव्हे, अपहार

नगरपालिकेकडे इमारतीचा नकाशा मंजूर होतो तेव्हा त्यात किती वाहने कोठे उभी राहतील हे दाखवावे लागते. रहिवाशांच्या जागांव्यतिरिक्त पाहुण्यांसाठी निराळा हिस्सा ठेवण्याची तरतूद मुंबईसारख्या शहरांच्या नियमावलीतच आहे. म्हणजे नकाशावर पाहुणा असतो. तो नाहीसा होतो तो नकाशा आणि फाटक यांच्यामधल्या प्रवासात.

हा प्रवास कसा घडतो? घर विकताना बिल्डर सदनिकेची किंमत वेगळी घेतो आणि खांबांमधल्या स्टिल्टच्या जागेची वेगळी. जो अधिक पैसे मोजील त्याला दोन जागा, जो मोजू शकणार नाही त्याला एकही नाही, आणि पाहुण्याच्या वतीने पैसे मोजणारा कोणीच नसल्यामुळे त्याची जागा सर्वांत आधी विकली जाते. महाराष्ट्रातील १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याचा, म्हणजे ‘मोफा’चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी, दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, या धंद्याचे सोंग उघडे पाडले. स्टिल्टची जागा किंवा उघडा वाहनतळ म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे. तो इमारतीच्या सामाईक क्षेत्राचा भाग आहे. बिल्डरला तो स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा तो निकाल. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सर्वजण रेरा म्हणतात, साऱ्या देशासाठी उघडे वाहनतळ आणि सामाईक तळघरे यांची गणना सामाईक क्षेत्रात केली.

मग लूट थांबली काय? नाही. बिल्डरांनी डावपेच बदलले. महारेराने २०२१ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले की उघडी जागा विकता येणार नाही. आच्छादित जागा मात्र विकता येईल. तेव्हा तीच जमीन, तेवढीच लांबी-रुंदी. वर छप्पर आले की ती समाजाची उरत नाही, बाजाराची होते! एका पत्र्याने किंवा स्लॅबने मालकी बदलते, ही किमया केवळ भांडवली कायद्यालाच साधते. आज मोठमोठ्या मनोऱ्यांखाली पोडियमचे मजल्यावर मजले चढत आहेत. या किमयेचा त्यांना उपद्रव तर नक्कीच होत नाही.

या लुटीत दुसरा भागीदार संस्थेच्या आतच बसलेला असतो, हेही सांगितले पाहिजे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला सामान्यतः एकच जागा मिळते. जागा उरल्या तरच दुसरी, आणि तीही वर्षापुरती. गाड्या अधिक आणि जागा कमी असतील तर वाटप चिठ्ठ्या टाकून. मिळालेली जागा विकण्याचा वा हस्तांतरित करण्याचा हक्क कोणालाही नाही. कागदावर इतकी स्वच्छ असलेली ही व्यवस्था प्रत्यक्षात कोणी मोडली? दुसरी-तिसरी गाडी घेणाऱ्यांनी. ‘वर्षापुरती’ मिळालेली जागा दहा वर्षे धरून ठेवणाऱ्यांनी. पाहुण्यांच्या पट्ट्यात साखळी बांधून कुलूप ठोकणाऱ्यांनी. आणि हीच मंडळी सर्वसाधारण सभेत सर्वांत मोठ्याने ओरडतात की, बाहेरच्यांमुळे आपल्याला जागा उरत नाही.

देशाच्या राजधानीत तर याच्याही पुढचा टप्पा दिसतो. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जुन्या वसाहती स्कूटरच्या काळात बांधल्या गेल्या. तेथे स्कूटर-गॅरेजे आहेत, मोटारींना जागा नाही. परिणामी मोटारी रस्त्यावर आल्या आणि रस्त्यांना लोखंडी फाटके लागली. म्हणजे संस्थेची सामाईक जमीन खाजगी झाली एवढ्याने भागले नाही. सार्वजनिक रस्ताही त्याच वाटेने निघाला.

बाजाराचा उतारा

यावर ‘तज्ज्ञ’ उपाय सुचवतात तो बाजाराचा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणापासून एक सूत्र सतत ऐकू येते की, वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या खऱ्या किमतीला साजेसे असावे. त्यात एक सत्यांश आहे. रस्त्यावरची फुकट जागा म्हणजे मोटारवाल्याला बिनमोटारवाल्याने दिलेले अनुदानच होय, आणि ते बंद झाल्यास कामगाराला शोक करण्याचे कारण नाही. परंतु हेच सूत्र संस्थेच्या फाटकाशी आणून पाहुण्याकडून तासाला अमुक रुपये घ्या, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा अन्याय उलटा होतो. जागा बळकावणारा सुटतो आणि जिची जागा बळकावली गेली तिच्या पाहुण्याला दंड होतो. शुल्क आकारायचेच तर ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीवर आकारावे, चढत्या दराने आकारावे. भेटीवर नव्हे, साठेबाजीवर!

राज्यसंस्थेने यापूर्वी काय केले, याचा अनुभवही ताजा आहे. मुंबईत २००८ पासून सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या बिल्डरांना वाढीव चटईक्षेत्राचे बक्षीस देण्यात आले. मनोरे उंच झाले, त्यांतील घरांबरोबर नव्या मोटारी आल्या आणि जुन्या गाड्या रस्त्यावरच राहिल्या. घरटंचाईवरील १८७२ मधील आपल्या लेखमालेत एंगल्सने दाखवून दिले होते की, भांडवलदारवर्ग असे प्रश्न सोडवत नाही. तो त्यांना एका वस्तीतून उचलून दुसऱ्या वस्तीत नेऊन ठेवतो. आज वाहनांबाबतही नेमके तेच घडत आहे. आणि याच काळात ज्या बसने पाहुणा निर्धास्त आला असता, त्या बसचे काय केले? बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या, कंत्राटी गाड्या आल्या आणि मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे एकदम ५ रुपयांवरून १० रुपये झाले. बस महाग आणि दुर्मिळ करायची, माणसाला कर्ज काढून मोटारसायकल वा मोटार घ्यायला लावायची, आणि ती घेऊन तो नातेवाइकांच्या दारी गेला की त्याला हाकलायचे, असे हे धोरण आहे.

फाटकावरचा माणूस

या साऱ्या व्यवस्थेचा भार ज्याच्या खांद्यावर पडतो तो म्हणजे वॉचमन. बारा-बारा तास उभा राहणारा, एजन्सीमार्फत नेमलेला, अनेकदा शेकडो कोस दूरच्या गावाहून आलेला हा कामगार मोटारवाल्याला ‘आत जागा नाही’ असे सांगतो आणि शिव्या खातो. सांगत नाही तेव्हा नोकरी गमावतो. जी जागा त्याने विकली नाही आणि जिचा एक पैसाही त्याला मिळाला नाही, तिच्या टंचाईचे उत्तर त्याने द्यायचे!

त्याच फाटकातून घरकाम करणाऱ्या बाया, नळ दुरुस्त करणारे, सामान पोहोचवणारी पोरे येतात. पाहुण्यांच्या नियमांत त्यांचा विचार कोठेही नसतो. मोटारीतून येतो तो ‘व्हिजिटर’ आणि सायकलवरून येते ती ‘बाहेरची’, हा भेद सहकारी संस्थेत चालत असेल तर तिच्या नावातला ‘सहकारी’ हा शब्द पुसून टाकणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

पक्षसभासदांचे कर्तव्य

बँक, विमा, टपाल, रेल्वे, शिक्षण या क्षेत्रांतील असंख्य पक्षसभासद अशा संस्थांत राहतात. कचेरीत युनियनचा झेंडा उचलणारा कॉम्रेड संस्थेच्या सभेत मात्र ‘हे घरगुती भांडण आहे’ असे म्हणून मागच्या बाकावर बसतो, ही उणीव मान्य केली पाहिजे. काही ठिकाणी दुसरी गाडी पक्षसभासदाच्याच दारात असते, हेही लपवून चालणार नाही. मोकळीक ठेवावी ती आधी स्वतःची जागा सोडून. मगच इतरांना सांगण्याचा अधिकार प्राप्त होतो. महाराष्ट्रात संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. त्या सभांत पुढील मागण्या मांडता येतील. इतर राज्यांतील कॉम्रेडांनी तेथील कायद्यांनुसार त्यांत आवश्यक तो बदल करावा.

एक : मंजूर नकाशाची प्रत मिळवावी. संस्थेकडे ती नसेल तर माहिती अधिकाराखाली नगरपालिकेकडून घ्यावी, आणि नकाशातील जागा व जमिनीवरील जागा सर्वांच्या देखत मोजाव्यात. ही मोजणी हाच अर्धा लढा आहे.

दोन : पाहुण्यांच्या जागा मोकळ्या करून त्यांवर ठळक रंगाने खुणा कराव्यात. त्या कोणाच्याही नावावर नसाव्यात. मुक्कामाची मुदत सभेने ठरवावी, फाटकावरील वहीत नोंद व्हावी, शुल्क नसावे.

तीन : दुसऱ्या गाडीची जागा दरवर्षी नव्याने ठरवावी, आणि पाहुण्यांचा हिस्सा पुरा झाल्याखेरीज ती कोणालाही देऊ नये. भाडेकरूंचाही वाटपात विचार व्हावा.

चार : रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांची वाट, अपंगांची जागा आणि कामगारांच्या सायकलींचा कोपरा यांवर कोणत्याही कारणास्तव अतिक्रमण होऊ देऊ नये.

पाच : वॉचमनला नियम लेखी द्यावेत, वाद झाल्यास उत्तरदायित्व कार्यकारिणीने घ्यावे, आणि त्याची पाळी आठ तासांची असावी.

सहा : जमिनीचे अभिहस्तांतरण झाले नसेल तर ते करून घ्यावे. जमीन बिल्डरच्या नावावर असेपर्यंत तिच्यावरील सारे नियम त्याच्या मेहरबानीवर अवलंबून राहतात.

या मागण्यांनी समाजवाद येणार नाही, हे सांगावयास नकोच. जमीन हा सट्ट्याचा माल आहे तोवर टंचाई नव्या रूपांत पुन्हा पुन्हा उभी राहील, आणि स्वस्त व पुरेशी सार्वजनिक बससेवा झाल्याखेरीज कोणत्याही आवारात जागा पुरणार नाही. परंतु जी जमीन कायद्यानेसुद्धा सर्वांची आहे ती परत घेण्यासाठी क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी एक नकाशा, एक मोजपट्टी आणि संघटित सभासदांचे बहुमत पुरेसे असते. शेजाऱ्याशी भांडणारा रहिवासी जेव्हा त्याच शेजाऱ्याबरोबर उभा राहून पट्ट्याची लांबी मोजू लागतो, तेव्हा खाजगी मालकीच्या भिंतीला पहिला तडा जातो.

फाटकावरचा तो फलक उतरवला गेला पाहिजे. त्या जागी दुसरा लागो : ‘ही जमीन सर्वांची आहे. पाहुण्यांनी आत यावे.’