उत्तर मराठीत, प्रश्न मात्र इंग्रजीत!

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत उमेदवाराला मराठीतून उत्तरे लिहिता येतात, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मराठी माध्यमातून कोणी यशस्वी झाला की त्याच्या गावी मिरवणूक निघते, आणि भाषेचा प्रश्न सुटला असे मानून सारे निश्चिंत होतात. परंतु या परीक्षेत प्रश्न मराठीतून विचारला जात नाही, ही दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. भाषा व साहित्याचे पेपर सोडले तर सर्व प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत छापल्या जातात. बोलण्याची मुभा द्यायची, मात्र काय विचारले आहे ते समजण्याची सोय करायची नाही, असा हा न्याय आहे.

भूगोलाचेच उदाहरण घ्यावे. सामान्य अध्ययनात तो आहेच. शिवाय वैकल्पिक विषय म्हणून प्रत्येकी अडीचशे गुणांचे त्याचे दोन पेपर असतात. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थबकतो. पर्जन्यछाया म्हणजे काय हे माणच्या शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याच्या घराची सारी अर्थव्यवस्था तिच्यावर बेतलेली असते. असा मुलगा परीक्षेला बसतो, तेव्हा प्रश्नाच्या आरंभी ‘अकाउंट फॉर’ असे शब्द येतात. कारणमीमांसा मागितली आहे की हिशेब, याचा निर्णय त्याला घड्याळाकडे पाहत करावा लागतो. ‘इल्युसिडेट’, ‘क्रिटिकली एक्झॅमिन’, ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ या प्रत्येक शब्दाची मागणी वेगळी आहे. ती चुकली की उत्तर चुकते. गुण मात्र भूगोलाचे जातात, आणि गुणपत्रिका सांगते की या मुलाला भूगोल येत नाही.

हिंदी आहे ना, लिपीही एकच आहे, असे यावर सांगितले जाते. हे समाधान वरवरचे आहे. मराठी शाळेत मुलगा ‘हवामान’ शिकतो, हिंदी प्रश्नपत्रिकेत ‘जलवायु’ येते. तो ‘क्षरण’ शिकतो, तेथे ‘अपरदन’ असते. तो ‘संचयन’ शिकतो, तेथे ‘निक्षेपण’ असते. शिवाय हिंदी मजकूर हा बहुधा इंग्रजीचा अनुवाद असतो. तो इतका दुर्बोध असतो की खुद्द हिंदी भाषक उमेदवारांनीच २०१४ साली दिल्लीच्या रस्त्यांवर त्याविरुद्ध आवाज उठवला होता. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही जी उमजत नाही, तिचा आधार मराठी मुलाने घ्यावा, हा सल्ला देणाऱ्यांनी ती प्रश्नपत्रिका एकदा वाचून पाहावी.

या प्रश्नाला इतिहास आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या १९६८ च्या राजभाषा संकल्पात, आठव्या अनुसूचीतील सर्व भाषा या परीक्षांची पर्यायी माध्यमे असतील असे अभिवचन दिले गेले. ते प्रत्यक्षात यायला डॉ. दौलतसिंह कोठारी समितीचा अहवाल आणि १९७९ साल उजाडावे लागले. ग्रामीण, बहुजन घरांतील मुलांना त्या सुधारणेने दार उघडून दिले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ते दार पुन्हा लोटण्याचे प्रयत्नही झाले. २०११ साली पूर्वपरीक्षेत आकलन व कल चाचणीचा नवा पेपर आला आणि त्यातील इंग्रजी उताऱ्यांचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरले जाऊ लागले. मार्च २०१३ मध्ये तर मुख्य परीक्षेत इंग्रजीचे गुण धरण्याचा व प्रादेशिक भाषांतून लिहिण्यावर अटी लादण्याचा घाट घातला गेला. महाराष्ट्रासह देशभर विरोध झाल्यावर तो त्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. पूर्वपरीक्षेतील इंग्रजी उताऱ्यांचे गुण २०१४ साली वगळले गेले, आणि २०१५ पासून तो पेपर केवळ पात्रतेपुरता उरला. यातील एकही सवलत आपण होऊन मिळालेली नाही. ती आंदोलनाने मिळाली.

तरीही वाचनाची अडचण कायम आहे. त्या पात्रता पेपरात तेहतीस टक्के गुण मिळाले नाहीत, तर दुसऱ्या पेपरात कितीही गुण मिळवलेले असोत, ते विचारात घेतले जात नाहीत. दोन तासांत ऐंशी प्रश्न, चुकीच्या उत्तराला दंड, आणि त्यात लांबलचक उतारे. तेही इंग्रजीत वा अनुवादित हिंदीत. तर्कशक्तीची म्हणून घेतलेली ही परीक्षा वस्तुतः वाचनाच्या वेगाची परीक्षा ठरते. आणि हा वेग वाडवडिलांकडून आलेल्या जमिनीसारखा असतो. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र लहानपणापासून येते त्याला तो व्याजासह मिळतो. ज्याच्या घरी येत नाही त्याला पुण्या-दिल्लीच्या शिकवणी वर्गांत बापाच्या कर्जाच्या पैशाने तो विकत घ्यावा लागतो.

अखिल भारतीय सेवेतील अधिकाऱ्याला इंग्रजी यायला नको काय, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. यायलाच हवे. त्यासाठीच मुख्य परीक्षेत इंग्रजीचा तीनशे गुणांचा स्वतंत्र अनिवार्य पेपर आहे. उताऱ्याचे आकलन, सारांशलेखन, शब्दयोजना हे सारे त्यात तपासले जाते आणि पंचवीस टक्के गुण मिळवावेच लागतात. इंग्रजीची परीक्षा तेथे उघडपणे, एकदाच घ्यावी. भूगोलाच्या, अर्थशास्त्राच्या, राज्यघटनेच्या पेपरात तीच परीक्षा चोरपावलांनी पुन्हा पुन्हा घेण्याचे कारण काय?

एवढ्या भाषांत प्रश्नपत्रिका काढणे शक्य नाही, गोपनीयता राहणार नाही, हा दुसरा युक्तिवाद. तो आता टिकणारा नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत होते, आणि २०२३ साली तिच्यासाठी वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. केंद्रीय पोलीस दलांतील शिपाईभरतीची परीक्षाही २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज तेरा प्रादेशिक भाषांत घेतली जाऊ लागली. मग शिपायाला जो प्रश्न मातृभाषेत विचारता येतो, तो अधिकाऱ्याला का विचारता येऊ नये? नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेला तर भरायच्या जागांच्या बारा-तेरा पटच उमेदवार बसतात. अडचण यंत्रणेची असती तर ती मोठ्या परीक्षांत आधी दिसली असती. अडचण इच्छाशक्तीची आहे.

मराठीतून लिहिणारे आहेतच किती, असेही विचारले जाईल. दार अर्धे लोटून ठेवायचे आणि आत आलेली माणसे मोजून दाखवायची, ही जुनी युक्ती आहे. १८८५ साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रसभेच्या पहिल्याच अधिवेशनाने सनदी परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी अशी मागणी केली. १८९३ मध्ये ब्रिटिश लोकसभेने तसा ठराव केला, तरी १९२२ पर्यंत तो अंमलात आला नाही. कारभाराचा दर्जा ढासळेल, ही भीती तेव्हाही घातली जात होती. तेव्हा परीक्षेला जाण्यासाठी समुद्र ओलांडावा लागे. आज प्रश्नपत्रिकेचे पान ओलांडावे लागते.

दोष केवळ दिल्लीचा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला एक साधा उतारा समजून वाचता येत नसेल, तर त्याचा जाब राज्य सरकारला विचारला पाहिजे. पदव्युत्तर पातळीवरचा भूगोल मराठीत आणण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. राज्यसेवा परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करण्याचे ठरल्यावर ही गरज दुप्पट झाली आहे. परंतु परीक्षेचा आराखडा बदलण्याची जेवढी घाई झाली, तेवढी ग्रंथ तयार करण्याची झाली नाही.

डॉ. राममनोहर लोहियांचा झगडा इंग्रजीच्या सरंजामशाहीशी होता. कोणी इंग्रजी शिकू नये असा त्यांचा आग्रह नव्हता. त्याच भूमिकेवरून मागणी स्पष्ट मांडली पाहिजे. पूर्व व मुख्य परीक्षेच्या सर्व प्रश्नपत्रिका आठव्या अनुसूचीतील भाषांत, शेजारी इंग्रजी मजकुरासह छापल्या जाव्यात. आपापल्या मतदारसंघातील खासदाराकडून यावर लेखी उत्तर घेणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे. दुसरे काम अधिक कष्टाचे आहे: तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवणे, तेथे इंग्रजी उतारा वाचायला विनामूल्य शिकवणे आणि भूगोलाची मराठी टिपणे तयार करून वाटणे. पहिले काम हक्कासाठी आहे, दुसरे तो मिळेपर्यंत मुलांची वर्षे वाया जाऊ नयेत यासाठी. माणच्या पोराला पाऊस का पडत नाही हे कळते. तेच त्याला त्याच्या भाषेत विचारण्याचे सौजन्य प्रजासत्ताकाने दाखवले पाहिजे.