ओंजळ नको, पायली हवी

वर्धा जिल्ह्यात दानाची परंपरा थोर आहे. जमनालाल बजाज यांनी आपली संपत्ती राष्ट्रकार्यास लावली. गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या विचाराला येथेच आचरणाची जोड मिळाली. या परंपरेविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. देणारा एक आणि घेणारे अनेक असतील, तर निर्णय कोणाचा?

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले. परंतु ती कशावर खर्चावी, हे संचालक मंडळ ठरवते. कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हाच कायदा म्हणतो. मग ज्या गावाजवळ कारखाना नाही, त्याने कोणाच्या दारी जावे?

याचे उत्तर याच जिल्ह्यात सापडते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आधाराने डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपाने आरोग्यविमा उभा केला. सुगीला प्रत्येक कुटुंबाने ज्वारी द्यावयाची; भूमिहीनाने थोडी, जमीनधारकाने जमिनीच्या मानाने अधिक. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच योजना चालावयाची. रुग्णालयाचा मोठा भार सरकारी अनुदानाने उचलला, हे खरे. आणि ते योग्यच होते. लोकवर्गणी ही शासनाला जबाबदारीतून मोकळे करण्यासाठी नसतेच. परंतु ज्वारी दिलेला मजूर रुग्णालयात याचक म्हणून नव्हे, भागीदार म्हणून जाऊ लागला. योजनेचे खरे मोल येथे आहे.

हिंगणघाट तालुक्यातील वडनेरसारख्या गावाने हा धडा गिरवावा, असे आम्हांस वाटते. शेतकऱ्याने कापसाच्या विक्रीतून, मजुराने एका दिवसाच्या मजुरीतून, नोकरदाराने पगारातून आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटा द्यावा. निधीच्या समितीत भूमिहीन व स्त्रिया बहुसंख्य असाव्यात आणि पै-पैचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. बाहेरच्या दात्याचे साहाय्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते याच निधीत, याच समितीच्या हाती यावे. अधिक देणाऱ्याला अधिक मत मिळू लागले, तर नव्या नावाने जुनीच सावकारी गावात शिरेल.

ओंजळ पसरणाऱ्याला आभार मानावे लागतात; पायली घालणाऱ्याला जाब विचारता येतो. समाजपरिवर्तनाचा आरंभ त्या जाब विचारण्यापासून होतो.