अंबाडीच्या नाक्यावरून

अंबाडी म्हटली कीं गृहिणींस आंबट पालेभाजी आठवते आणि इतिहासभक्तांस हत्तीच्या पाठीवरील मेघडंबरी. आज आम्हांस लिहावयाचें आहे तें या दोहोंविषयीं नव्हे. भिवंडीहून वाड्यास जाणाऱ्या सडकेवर, जेथून वज्रेश्वरीचा फांटा फुटतो, त्या अंबाडी गांवाविषयीं. देवीच्या दर्शनास अथवा अकलोलीच्या उन्हाळ्यांत स्नानास जातांना वाचकांपैकीं पुष्कळांनीं या नाक्यावर चहा घेतला असेल. गांव मात्र पाहिलें नसेल.

इंग्लंडांत सेल्बर्न नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्यानें गांवचे पक्षी, झाडें, हवापाणी आणि जुन्या मठाची हकीकत लिहून १७८९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तो अद्यापि वाचला जातो. आमच्याकडे लिहिण्याजोगें कमी आहे असें नाहीं. लिहिणारे देवळापर्यंत जाऊन परततात, एवढेंच.

अंबाडीच्या अलीकडे, भिवंडीच्या बाजूस, दुगाड हें गांव आहे. डिसेंबर १७८० मध्यें इंग्रज सेनापति गॉडर्ड वसईस वेढा घालून बसला होता आणि मराठ्यांची कुमक अडविण्यास कर्नल हार्टले या टापूंत उभा होता. रामचंद्र गणेश यांनीं त्याजवर हल्ले चढविले. १२ डिसेंबर रोजीं दाट धुक्याचा आश्रय घेऊन त्यांची फौज पुढें सरकली. पण धुकें अकस्मात् विरलें, सारी फौज उघडी पडली आणि रामचंद्र गणेश रणांत कामास आले. वसईही त्याच सुमारास पडली. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ज्या वसईसाठीं देवीस नवस केला व तो फेडण्याकरितां वज्रेश्वरीचें देऊळ बांधविलें, तीच ही वसई! सालबाईच्या तहानें ती परत मिळाली. साष्टी गेली ती गेलीच. देवळाच्या पायऱ्या चढणारांस नवसाची कथा पाठ असते, दुगाड क्वचितच कोणास ठाऊक असतें.

येथील जीवन भाताभोंवतीं फिरतें. उन्हाळ्यांत पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, पावसांत आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. तानसा नदी जवळूनच वाहते. तिला वरच्या अंगास शहापूर तालुक्यांत १८९२ सालीं धरण बांधून तिचें पाणी मुंबईस नेण्यांत आलें. पलीकडचा वाडा तालुका, जेथील कोलम तांदूळ आपल्या घरांत कौतुकानें शिजतो, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेला. अंबाडी ठाण्यांतच राहिली.

पण खरी कहाणी ज्यांच्या हातांनीं हा राब भाजला जाई, त्या वारली-कातकऱ्यांची आहे. या जिल्ह्यांत ‘लग्नगडी’ हा शब्द होता. लग्नापुरते पैसे सावकाराकडून घ्यावयाचे आणि फेडीसाठीं नवराबायकोंनीं त्याच्या शेतावर राबावयाचें. व्याज कसें वाढे तें निरक्षर गड्यास कळत नसे. म्हणजे ज्या दिवशीं संसार मांडला त्याच दिवशीं तो गहाण पडला. या सावकारांत आणि जमीनदारांत आमच्यासारख्या पांढरपेशा घराण्यांचींही नांवें होतीं, हें येथें स्पष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. १९४८ च्या कूळकायद्यानें व १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषिदिना’नें कुळास जमिनीचा हक्क दिला, ज्याचें नांव कूळ म्हणूनही लागलें नव्हतें, त्या गड्यास त्याचा काय उपयोग? वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ सालीं झाला. तो कागदावरून शेतांत आणण्याचें काम वज्रेश्वरीजवळच्या उसगांवांतून विवेक व विद्युल्लता पंडित या दांपत्याच्या श्रमजीवी संघटनेनें १९८२ पासून चालविलें. तरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारीं कुटुंबें या तालुक्यांत आजही दिसतात. भट्टीवरच्या त्यांच्या खोपटास ‘भोंगा’ म्हणतात. मुलांसाठीं तेथें भोंगाशाळा निघाल्या, त्या याच दांपत्याच्या परिश्रमानें.

ठाणें जिल्ह्यांत ज्यांच्या घराण्याची शेती होती, अशा वाचकांच्या माळ्यावर आजोबांच्या वह्या अद्यापि असतील. त्या रद्दींत घालूं नयेत. ‘लग्नाकरितां दिले’ अशी नोंद आढळल्यास तें पान, गड्याच्या व गांवाच्या नांवासह, उतरवून ठेवावें.